पाठीचा खेळ

१

गोटीचा बाबा घरी आला तेव्हा गोटी सात महिन्यांची होती. दारात त्याला पाहून तिने जे भोकाड पसरलं, ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी काय झालं म्हणून विचारायला वर आल्या. काही झालेलं नव्हतं. बाप घरी आला होता, एवढंच.

तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर. गोटी जन्मली तेव्हा तो भर समुद्रात होता, आणि पुढे बापलेकीची ओळख झाली ती फोनच्या पडद्यावर. पडद्यावरच्या बाबाकडे बघून गोटी खुदुखुदु हसायची. पण तो बाबा तळहाताएवढा होता, त्याला वास नव्हता, आणि आईने बोट लावलं की तो जायचा. हा नवा माणूस दार व्यापून उभा राहिला आणि काही केल्या जाईना. तिच्या जागी कोणीही रडलं असतं.

गोटी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. डोकं गरगरीत, म्हणून आईने लाडाने ठेवलेलं. आई रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिची रजा संपत आली होती. बाबाचं पुढचं जहाज तीनेक महिन्यांनी. तोवर पोरीला बाबाने सांभाळायचं आणि मग बाबाच्या आईने, म्हणजे गोटीच्या आजीने, येऊन राहायचं, असं सगळ्यांनी फोनवर ठरवलं होतं. फोनवर ते फार सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात गोटी त्याच्या हातून दूध पीत नव्हती, त्याच्या खांद्यावर झोपत नव्हती, आणि लंगोट बदलताना अशी काही ताठ व्हायची की जणू परक्याने उचलून नेलंय. दोन मजली उंचीचं इंजिन काबूत ठेवणाऱ्या माणसाच्या त्या एवढ्याशा पोरीने नाकी नऊ आणले.

त्याला वाईट वाटायचं, आणि ते तो लपवायचाही नाही. पोरीने आपल्यासाठी जीव टाकावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. पुन्हा निघायच्या दिवशी आपलं कोणीतरी चाललंय एवढं तिला कळावं, बस. बायकोला त्याने हे सांगितलं. दोन दिवसांनी तिने दोघांचं नाव बाळांच्या वर्गात घातलं.

"तिला कसली शिकवणी लावतेस?" बाबा म्हणाला. "अजून धड बसताही येत नाही तिला."

"शिकवणी तिला नाहीये," गोटीची आई म्हणाली.

२

वर्ग भरायचा तो पडद्यांच्या कापडाच्या एका दुकानाच्या वर, दुपारच्या वेळी. जिना अरुंद, त्यामुळे बाबागाड्या खालीच भिंतीला लावायच्या आणि पोरं काखेत मारून वर जायचं. वरची खोली लांबरुंद होती. पूर्वी तिथे नाच शिकवत असत. जमीन लाकडी, एका बाजूला मोठाल्या खिडक्या आणि बाकी तिन्ही भिंती पांढऱ्या, कोऱ्या. सगळ्यांनी पायमोज्यांवर चालायचं, म्हणून पावलं वाजत नसत. नुसत्या फळ्या कुरकुरायच्या, आणि मोठं माणूस कुठे चाललंय ते तेवढ्यावरून कळायचं.

तिथे कोणालाच स्वतःचं नाव नव्हतं. जुळ्यांची आई, टकलूची आई, आणि पहिल्या दिवसापासून हा गोटीचा बाबा. एकटाच पुरुष. जुळ्यांची आई अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. तिने त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि गोटी पाच मिनिटांत तिच्या मांडीवर जाऊन पडली, आनंदाने. बाबा हसला, पण त्याला ते लागलं. वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. सडसडीत, हळू बोलणाऱ्या. त्यांचं ऐकायचं तर सगळ्यांना गप्प बसावं लागे, आणि बहुधा म्हणूनच त्या हळू बोलत असाव्यात.

मग पिसं झाली, रंगीत रुमाल झाले, डबे बडवून झाले. आगबोटीचा आवाज काढा असं ताईंनी म्हटल्यावर बायकांनी भोंगा वाजवला आणि बाबाने बोटीचं इंजिन थंड असताना सुरू होतं तसा अगदी रीतसर आवाज काढला. टकलू घाबरून रडला.

सगळ्यात शेवटी पाठीचा खेळ. मधे जाड गालिचा, त्यावर मुलं. मोठ्यांनी भिंतींकडे तोंड करून मांडी घालून बसायचं, मुलांकडे पाठ. आणि आपल्या मुलाला ओळखीचं काहीतरी हळू गुणगुणायचं. मूल आवाजाच्या मागाने सरपटत येतं आणि आपल्या माणसाच्या पाठीला हात लावतं. बहुतेकांचं शोधून झालं असं खोलीतल्या आवाजावरून वाटलं की ताई टाळी देणार. तोवर कोणी म्हणजे कोणी मागे वळायचं नाही. ताई स्वतः गालिच्याच्या कडेला बसत आणि त्याही डोळे मिटून घेत. खोलीत एकाच माणसाचे डोळे उघडे असले तर मुलं आधी त्याच्याकडे जातात, असं त्यांचं म्हणणं.

बाबाची पंचाईत झाली. गोटी पोटात असल्यापासून तिच्या आईचं गाणं ऐकत आलेली, याचं तिने काय ऐकलं होतं? त्याने ताईंना तसं सांगितलं. एकटे असताना जे गुणगुणता तेच गुणगुणा, त्या म्हणाल्या.

एकटा असताना तो इंजिन गुणगुणायचा. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. इंजिनच्या खोलीत कानावर जाड झाकणं असतात, ऐकू काही येत नाही. म्हणून तो इंजिनच्या कवचावर तळवे टेकायचा आणि घशातून एकच खोल सूर काढायचा, इंजिन नीट चालू असताना असतो तो. हाताला लागणारी थरथर आणि छातीतला सूर जुळले की समजायचं, सगळं ठीक आहे. कुठे काही बिनसलं असेल तर दोन्ही एकमेकांवर घासतात. वर्षानुवर्षं त्याने असंच केलं होतं.

त्याने पांढऱ्या भिंतीकडे बघत तो सूर लावला. बायकांच्या अंगाईगीतांमध्ये तो सूर फारच खाली, जमिनीलगत लागला. थोड्याच वेळात त्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, दोन इवलेसे तळवे टेकले.

सूर मोडू नये म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. तळवे उबदार होते आणि अगदी सपाट टेकले होते. चिमटत नव्हते, शर्ट ओढत नव्हते. ताईंनी टाळी दिली आणि तो वळला.

पाठीमागे कोणी नव्हतं. गोटी होती तिथेच, गालिच्याच्या मधोमध पालथी पडून रुमालाचं टोक चोखत होती.

३

जुळ्यांपैकी एक असणार, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्यांच्या आईच्या शेजारीच तर बसलो होतो. एक तिच्या पाठीला लागलं, दुसरं चुकून आपल्याकडे आलं आणि चूक कळल्यावर गेलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तीही हसली. कोणाला तरी आवडलास म्हणायचा, असं म्हणाली आणि गोटीला आपल्या खांद्यावर टाकून झोपवायला घेऊन गेली.

पुढच्या वेळी तो मुद्दाम जुळ्यांच्या आईपासून लांब, खिडक्यांच्या समोरच्या भिंतीशी बसला. त्या दिवशीही तळवे आले. त्याने कान देऊन ऐकलं होतं. इतर मुलं येताना गालिच्यावर कापडाची घसघस होते, लहान मुलाचा नाकाने घेतलेला श्वास ऐकू येतो, मधेच कोणी हुंकारतं. याच्या येण्याला आवाज नव्हता. हात तेवढे आले. टाळी झाल्यावर तो झटकन वळला, तर जो तो आपापल्या आईला चिकटलेला आणि गोटी पुन्हा गालिच्यावर, पण आज रुमालाकडे तिचं लक्ष नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती.

जिन्यात त्याने जुळ्यांच्या आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्याकडे कोण येतं तुम्ही पाहिलंत का. ती म्हणाली, अहो मी भिंतीकडे बघत असते, टकलूची आई भिंतीकडे बघत असते, ताई तर डोळेच मिटतात. बघणार कोण? मुलांना विचारा.

तिने थट्टा केली होती. बाबाने हसून गोटीला बाबागाडीत ठेवलं, पट्टे लावले आणि घरी जाताना सबंध रस्ताभर तोच विचार केला. त्या खोलीत बघणारे फक्त तेच, ज्यांना अजून बोलता येत नाही.

४

इंजिनिअर माणूस. त्याला एखादी गोष्ट कळेना झाली की तो एकेक भाग बंद करून बघतो. त्याने सूर बंद करून बघितला. पुढच्या वर्गाला त्याने बायकोची अंगाई म्हटली. चुकत, अडखळत, पण म्हटली. खेळ संपेपर्यंत त्याच्या पाठीला कोणी हात लावला नाही. गोटीने नाही आणि त्या दुसऱ्याने पण नाही. टाळी झाली तेव्हा खोलीत सगळ्यांच्या पाठीवर कोणी ना कोणी होतं आणि त्याची पाठ तेवढी मोकळी होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच त्याला जास्त धास्ती बसली.

म्हणून एक वर्ग त्याने चुकवला. गोटीला घेऊन बागेत गेला. ती बाकावर रडली, झोपाळ्यात रडली, परत येताना रडली.

त्यानंतरच्या वर्गात त्याने पुन्हा सूर लावला. स्वतःला सांगितलं, या खेळात आपल्याला दुसरं काही येत नाही म्हणून. तळवे लगेच आले, जणू वाट बघत होते. पण या वेळी ते कमरेशी नव्हते, खांद्यांच्या खाली होते. रांगत्या पोराचा हात तिथवर पोचायचा नाही. उभ्या राहणाऱ्याचा पोचेल, पण त्या वर्गात अजून कोणी उभं राहत नव्हतं.

आणि आता त्याला कळलं की ते तळवे असे सपाट का टेकतात. ते धरत नव्हते. ते ऐकत होते. तो स्वतः इंजिनवर हात टेकायचा तसेच, बोटं जरा फाकून, आतली थरथर तपासत. त्याचा सूर किंचित घसरला तशी एका हाताची बोटं जरा आवळली, आणि सूर जागेवर आला तेव्हा सैल झाली.

पण तो वळला नाही. वळला असता तर काही दिसलं नसतं हे त्याला माहीत होतं, आणि टाळी पडेपर्यंत गुणगुणत राहणं जास्त सोपं होतं.

५

घरात फरक पडायला त्याच आठवड्यात सुरुवात झाली. बाटल्या धुताना त्याच्या तोंडून नकळत सूर निघाला आणि मागे, खुर्चीत बांधलेली गोटी रडता रडता थांबली. त्याने वळून पाहिलं. ती हसली.

त्याच्याकडे बघून पडद्याबाहेर हसली ती पहिलीच वेळ. साबणाच्या ओल्या हातांनी तो तसाच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि रडला. मोठा बाप्या, पण रडला. संध्याकाळी बायको आली तेव्हा गोटी त्याच्या हातून उकडलेलं गाजर खात होती. बायकोने पर्स दारातच टाकली आणि दोघांना मिठी मारली.

"कळायला लागला तिला बाबा," ती म्हणाली.

ते दिवस सुखाचे गेले. हे सांगायलाच हवं, कारण नंतर ते खरे होते की नव्हते हे त्याला ठरवता आलं नाही. गोटी रांगायला लागली. त्याने सूर लावला की कुठूनही यायची. त्याच्या गळ्यात पडायची, त्याच्या खांद्यावर झोपायची. बायको प्रयोगशाळेत निर्धास्त जाऊ लागली, आजी फोनवर म्हणाल्या की आता माझी गरज उरलेली दिसत नाही.

फक्त एक गोष्ट होती. गोटी त्याच्याकडे बघायची ती त्याच्या डोळ्यांत नाही. थोडी वर आणि थोडी डावीकडे. आधी त्याला वाटलं, मागच्या दिव्याकडे बघते. त्याने जागा बदलली, तिची नजरही सरकली. तो खाली वाकला, नजर खाली आली. तो खोलीभर फिरला. जिथे तो जाई तिथे त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा वर तिची नजर असायची, आणि ती तिथे बघून हसायची. तिला कडेवर घेतलं की तिचा हात त्याच्या मानेवरून मागे जाई आणि पाठीमागे कशाला तरी हलकेच थोपटत राही. ते थोपटणं त्याच्या अंगाला लागत नसे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डोळे उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले, नजर फार छान स्थिरावते. बायकोला त्याने डॉक्टरांकडे नेल्याचं सांगितलं, का नेलं ते सांगितलं नाही. हाताशी आलेलं सुख आपणच तपासून मोडायचं का, असं त्याचं मन म्हणत होतं. मशीन नीट चालू असताना ते कोणी उघडत नाही.

६

दिवस लहान झाले होते. वर्गाच्या वेळेला ऊन तिरपं होऊन खिडक्यांतून आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर पडायचं. त्या दिवशी बाबा त्या भिंतीशी बसला होता. पाठीवर ऊन, आणि समोर पांढऱ्या भिंतीवर त्याची स्वतःची सावली, स्वच्छ, कात्रीने कापून काढल्यासारखी. शेजारी जुळ्यांच्या आईची रुंद सावली. त्याने सूर लावला.

जुळ्यांच्या आईच्या सावलीला दोन लहान गोळे येऊन चिकटले. ती गुणगुणता गुणगुणता हसली. बाबा बघत राहिला. इतक्या वर्गांत पहिल्यांदाच त्याला मागचं दिसणार होतं, आणि नियमही मोडणार नव्हता.

मागे एक फळी कुरकुरली. मुलांच्या वजनाने तिथल्या फळ्या कधी कुरकुरत नसत. पायमोज्यांवर चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या पायाखाली कुरकुरतात तशी ती कुरकुरली, मग त्याच्या जवळची एक. ताई उठल्या असतील, त्याने मनाशी म्हटलं. तेवढ्यात ताईंचा खोकला आला, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून.

तळवे खांद्यांवर टेकले. आज ते वरून टेकले.

भिंतीवर त्याच्या सावलीला काहीच चिकटलेलं नव्हतं. डोकं, खांदे, मांडी. फक्त सावली आता त्याच्या बसण्यापेक्षा उंच वाटत होती, आणि ऊन उतरतंय म्हणून सावली वाढते हे त्याला माहीत होतं. मग खालून गोटीची सावली रांगत आली. तिचं गरगरीत डोकं त्याने लगेच ओळखलं. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली, बसली आणि दोन्ही हात वर केले. घे म्हणून.

त्याच्या सावलीच्या खांद्यातून काहीतरी वाकलं. त्याने ते नीट पाहिलं नाही. एवढंच पाहिलं की वाकणारं लांब होतं, सावकाश होतं, आणि त्या वाकण्यात माया होती. गोटीची सावली त्याच्यात मिसळली आणि तिचे लोंबते पाय जमिनीपासून सुटले.

त्याचा सूर तुटला.

मागे धप्प आवाज झाला आणि गोटीने टाहो फोडला. तो वळला. ती गालिच्याच्या कडेला उताणी पडली होती. हात अजून वर होते. त्याने तिला उचललं तशी तिने त्याच्याकडे पाहिलं, या खेपेला अगदी डोळ्यांत, आणि ती पहिल्या दिवसासारखी ओरडली. सात महिन्यांची असताना दारात ओरडली होती तशी. मग त्याच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या हवेकडे झेपावू लागली.

उभी राहायला बघत होती आणि पडली असेल, असं जुळ्यांची आई म्हणाली. पहिल्यांदा उभी राहिली की सगळी पडतात. ताईंनी गोटीचं डोकं चाचपलं, कुठे टेंगूळ नाही असं सांगितलं. बाबाने त्यांना बाजूला घेऊन सावलीबद्दल विचारलं, म्हणजे जेवढं विचारता आलं तेवढं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या दिवसांत सावल्या लांबतात, त्या म्हणाल्या, आणि नव्या बाबांना झोपही कमी मिळते.

"गाणं मात्र बंद करू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं म्हणून तिला तेवढंच माहीत आहे."

७

त्याने गाणं बंद केलं. त्या दिवसापासून घरात त्याच्या तोंडून सूर निघाला नाही. पाठीवर काही येईना, गोटीची नजर भिरभिरायला लागली, मग शोधून दमली. ती त्याच्याकडे यायची बंद झाली. बाटली ढकलायची, त्याच्या हातात ताठ व्हायची. बायको घरी आली की जीव मुठीत धरून बसल्यासारखी तिच्याकडे झेपावायची.

"काय केलंस तू?" बायकोने एकदा विचारलं. रागाने नाही, कळवळून. "इतकं छान चाललं होतं. ते तुझं घुमणारं गाणं तरी म्हण ना."

तो घसा बसलाय म्हणाला. तिला सांगायला त्याच्याकडे काय होतं? भिंतीवरची सावली, पोरीचं थोपटणं, फळीची कुरकुर. आपल्याला मिळालेलं प्रेम आपल्या मागच्या कोणासाठी तरी होतं, हे बायकोला सांगायला शब्द कुठून आणायचे? आणि सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला असता आणि डॉक्टरांची वेळ घेतली असती. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. त्याला पोर हवी होती, फार हवी होती, पण पाठीमागच्या कोणाच्या तरी मार्फत मिळालेली नको होती.

आजी राहायला आल्या. जहाजाची तारीख आली. निघायच्या सकाळी त्याने गोटीला घ्यायला हात पुढे केले, तिने आजीच्या पदरात तोंड लपवलं. त्याने तिच्या गरगरीत डोक्यावर ओठ टेकले आणि बॅग उचलली. जिना उतरताना त्याला रडू आलं, पण एक समाधान होतं. आपल्याबरोबर आलेलं जे काही होतं ते आपल्याबरोबरच चाललंय, पोर सुटली, असं तो धरून चालला होता.

जहाजावर पहिल्याच पाळीला त्याने इंजिनच्या कवचावर तळवे टेकले. सूर लावला नाही. पाठीकडे लक्ष ठेवून उभा राहिला. पाठीवर काही नव्हतं, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. इंजिन नीट चाललं होतं. ते त्याने आकड्यांवरून तपासलं, बाकीचे तपासतात तसं.

८

पहिल्या बंदरात माल उतरवायला जहाज थांबलं. इंजिन सकाळपासून बंद होतं आणि दुपारी डेकवर इतकी शांतता होती की धक्क्यावर बोलणाऱ्या माणसांचे शब्द वर ऐकू येत होते. त्याने कठड्याशी उभं राहून घरी फोन लावला. चित्र नीट येईना, म्हणून नुसताच आवाज.

मागे गोटी रडत होती. दात येतायत, बायको म्हणाली, सकाळपासून कोणाचंच ऐकत नाही, आई तर थकून पडल्यात. मग ती म्हणाली की बरं झालं तूच फोन केलास. तू गेल्यापासून ही तुला शोधते. रांगत रांगत तुझ्या खुर्चीपाशी जाते आणि हात वर करून बसते.

"तिला तुझी आठवण येते रे," बायको म्हणाली. "फोन तिच्या कानाशी धरते. ते तुझं गाणं म्हण, दोनच मिनिटं."

हे वाक्य ऐकायला त्याने काय दिलं नसतं. त्याच्या छातीत सूर आपोआप भरून आला, घशापर्यंत आला. खुर्चीपाशी हात वर करून बसलेली पोर त्याला दिसली. आणि ती हात कोणापुढे वर करत असेल, तेही.

"नको," तो म्हणाला. "मला नाही जमायचं. तिला खुर्चीपासून लांब ने, तू घे तिला."

"अरे, असं काय करतोस? धरला बघ फोन."

त्याने तोंडावर हात दाबून धरला. ओठ मिटले, श्वाससुद्धा कोंडला. फोनमधून गोटीचं रडणं आलं, अगदी कानाजवळ, हुंदके, नाकाचा सुरसुर आवाज. विसरू दे तिला, तो मनात म्हणत होता. विसरली तरी चालेल.

रडणं एकदम खाली आलं. एक हुंदका, मग अर्धा हुंदका. मग गोटी हसली, खुदुखुदु, पूर्वी हसायची तशी.

हात अजून तोंडावर होता. फोन परत बायकोच्या कानाशी गेल्याचा खरखर आवाज झाला, आणि ती हळू आवाजात, पोर पुन्हा बिथरू नये अशा बेताने बोलली.

"झाली बघ गप्प. किती स्पष्ट येतोय रे आज तुझा आवाज, इथे खोलीत बसून म्हणतोयस असं वाटतंय. मी तिला खाली सोडते, ती जाईल तुझ्या खुर्चीपाशी. तू थांबू नकोस."